‘कमी देखभालीचा’ समुद्र कुठे मिळतो?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दिवाणखान्याच्या सजावटीवर पानभर मजकूर आला होता. सोफे, पडदे, भिंतीचे रंग आणि खाली कोपऱ्यात एक चौकट, ‘घरातच फुलवा समुद्र’. चौकटीत निळ्या उजेडात चमकणाऱ्या लाल-हिरव्या प्रवाळाचा फोटो. मजकुरात म्हटलं होतं की ही मांसल ‘समुद्री वनस्पती’ कमी देखभालीची आहे, नवशिक्यांनाही सहज जमते आणि दिवाळीच्या आत घराचं रूप पालटून टाकते. त्याच दुपारी गंगापूर रोडच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. “भाऊ, पेपरमधला तो मेंदूसारखा दिसणारा आपल्या टँकमध्ये लावून द्या ना.” त्यांच्या टँकमध्ये गोल्डफिश आहेत. गोड्या पाण्यातले.

त्यांना मी फोनवर समजावलं. पण आपला पेपर वाचणारे सगळेच काही मला फोन करणार नाहीत, म्हणून हे पत्र. जरा लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर माझ्याबद्दलचा भाग कापा, पाण्याचा आणि कायद्याचा कापू नका.

मी नाशकात फिश टँक बसवणं, साफ करणं, गळके सांधे भरणं हाच धंदा करतो. दवाखान्यांच्या वेटिंग रूम, बंगले, हॉटेलांच्या लॉबी. त्याआधी काही वर्षं दुबईत याच कामावर होतो. तिथले टँक खाऱ्या पाण्याचे असत आणि त्यात हेच मांसल प्रवाळ ठेवलेलं असे. ट्रॅकीफिलिया, लोबोफिलिया, सिनारिना, टॉर्च, हॅमर ही त्यातल्या जातींची नावं, सगळ्यांना या हातांनी खाऊ घातलंय. इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियातून विमानाने माल यायचा, एकेक प्रवाळ वेगळ्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यात, आणि मालाबरोबर साइट्सचा, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, परवाना. तो कागद नसेल तर खोकं विमानतळाबाहेर पडत नसे. २०१८ मध्ये इंडोनेशियाने प्रवाळाची निर्यातच बंद केली होती. २०२० च्या सुरुवातीला ती परत सुरू होईपर्यंत साध्या टॉर्चचेही भाव असे चढले की शेठ लोक हॅमरच्या एकेका डोक्याचा, म्हणजे एकेका फांदीवरच्या तोंडाचा, हिशोब मागायचे. हे सांगायचं कारण, या प्राण्याबद्दल मी लिहितोय ते हात बुडवून लिहितोय.

आता ‘कमी देखभाल’ हे आलं कुठून, तर खाऱ्या पाण्याचा नाद असलेल्या लोकांच्या बोलण्यातून. दगडी प्रवाळांत एक बारीक तोंडांची जात असते, ॲक्रोपोरा वगैरे. तिला ऊन पडल्यासारखा लख्ख उजेड लागतो, जोरदार प्रवाह लागतो आणि पाण्यातला बारीकसा फरकही तिला सोसत नाही. तिच्या मानाने हे मोठ्या तोंडाचे मांसल प्रवाळ सोपे, असं जुने जाणते म्हणतात आणि ते खरंही आहे. पण ही तुलना समुद्री टँक आधीच नीट चालवणाऱ्यांमधली आहे. आपल्या पुरवणीने तेवढंच वाक्य उचललं आणि सोफ्याशेजारी नेऊन ठेवलं.

प्रवाळ ही वनस्पती नाही हे तरी निदान दुरुस्त करा. तो प्राणी आहे, जेलीफिशच्या नात्यातला. त्याला एकच तोंड. खाणं तिथूनच आत जातं आणि न पचलेलं तिथूनच बाहेर येतं. अंगाखाली तो चुन्याचा सांगाडा स्वतः बांधत असतो आणि मांसात सूक्ष्म शैवाल सांभाळत असतो. ते शैवाल उजेडात अन्न तयार करतं, त्यावर प्रवाळाचा बराचसा संसार चालतो. पाणी बरेच दिवस तापलेलं राहिलं की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची, म्हणजे असं पांढरं पडण्याची, घोषणा केली, आपल्या लक्षद्वीपलाही त्या वर्षी जबर फटका बसला. खुल्या समुद्रात एक-दोन अंश पाणी जास्त तापलं आणि तसंच राहिलं तरी हे होतं. आपल्याकडच्या दिवाणखान्याचं तापमान एप्रिलमध्ये कुठे जातं ते वाचकांनाच ठाऊक. (अंगठीतलं पोवळं वेगळं, हेही सांगून टाकतो, कारण सराफ बाजारातल्या एका ओळखीच्यांनी मला विचारलं होतं. ते लाल पोवळं अंधाऱ्या खोल पाण्यात वाढतं, त्याच्या मांसात हे शैवाल नसतं आणि त्याला टँकमध्ये ठेवायला कुणी जात नाही.)

फोटोबद्दलही बोलायला हवं. हे प्रवाळ निळ्या एलईडीखाली असे पेटून उठतात कारण त्यांच्या मांसातली काही प्रथिनं निळा उजेड शोषून हिरवा, नारिंगी, लाल उजेड बाहेर टाकतात. दुकानातले दिवे म्हणूनच गडद निळे असतात. तोच प्रवाळ घरच्या पांढऱ्या ट्यूबखाली आणला की तपकिरी, मळकट दिसतो. मग माणूस रंग आणण्यासाठी दिवे वाढवतो आणि इथे पहिला बळी जातो. मांसल प्रवाळांपैकी बरेचसे खोल किंवा गढूळ पाण्यातले, मंद उजेडाला सरावलेले. उजेड मोजायचं एक यंत्र असतं, त्यावर आम्ही साधारण ८० ते १२० चा आकडा धरायचो. नवीन आणलेला त्याहूनही कमी उजेडात ठेवून आठवडाभराने हळूहळू वर न्यायचा. याहून फार जास्त उजेड दिला तर रंग येत नाही, असलेलाही उतरतो.

ठेवायची जागा हा असाच सजावटीच्या पानावर न मावणारा विषय आहे. चौकटीत लिहिलंय की ‘दगडांच्या उंच रचनेवर मांडा’. ट्रॅकीफिलिया, म्हणजे तो मेंदूसारखा दिसणारा, निसर्गात दगडावर राहतच नाही. पिल्लू असताना एखाद्या शिंपल्याच्या तुकड्याला चिकटतो, मोठा झाला की सुटतो आणि चिखलाळ, वाळूच्या तळावर मोकळा पडून राहतो. सांगाडा खालून निमुळता असतो तो त्या वाळूत रुतण्यासाठीच. त्याला दगडावर मांडलं की मांस फुगून कडेने खाली लोंबतं, दगडाला घासतं, फाटतं आणि फाटल्या जागी कुजायला लागतं. त्याची जागा बारीक वाळूवर, तळाला, मंद प्रवाहात. प्रवाह इतकाच हवा की मांस हलकेच डुलेल आणि अंगावर कचरा साचणार नाही. पॉवरहेडचा, म्हणजे प्रवाह तयार करणाऱ्या पंपाचा, झोत सरळ अंगावर आला की काम संपलं.

सगळ्यात जास्त प्रवाळ मात्र उचलताना मरतात. सांगाड्यावर उभ्या धारदार पात्या असतात आणि त्यांवर हे मऊ मांस, किसणीवर ओलं फडकं अंथरावं तसं पसरलेलं असतं. दिवसा प्राणी पाणी भरून घेऊन सांगाड्याच्या कितीतरी बाहेर फुगतो. अशा फुगलेल्या अवस्थेत त्याला पाण्याबाहेर उचललं की आतल्या पाण्याचं वजन मांसावर येतं आणि पात्या खालून कापतात. जखम त्याच दिवशी दिसत नाही. चार-पाच दिवसांनी कडेचं मांस मागे सरकलेलं आणि पांढरा सांगाडा उघडा पडलेला दिसतो, तोवर मालक विसरलेला असतो की पाहुण्यांना जवळून दाखवायला त्याने तो वर काढला होता. आमच्या दुबईच्या उस्तादांची पद्धत अशी होती, आधी बोटाने पाणी हलवून त्याला डिवचायचं, तो आक्रसला की मगच सांगाड्याला खालून धरायचं आणि शक्य असेल तर पाण्यातच वाटीत सरकवून वाटीसकट बाहेर काढायचं. मांसाला बोट लावलेलं त्यांना खपत नसे. मालकाच्या मुलाने लावलं तरी ते ओरडायचे.

आणि खाणं! चौकटीत खाण्याचा उल्लेखच नाही, कारण वनस्पतीला कोण खाऊ घालतं? शैवालावर प्रवाळ जगतो हे खरं, पण हे मांसल प्राणी शिकारीही करतात. दिवे मालवल्यावर तासाभराने टँकमध्ये विजेरीचा मंद उजेड टाकून बघावं, दिवसभर मांसात लपलेल्या बारीक शुंडा तोंडाभोवती बाहेर आलेल्या असतात. तीच जेवणाची वेळ. पंप बंद करायचे, गोठवलेली मायसिस कोळंबी टँकच्या पाण्यात सैल करून सिरिंजने अलगद शुंडांवर सोडायची आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. बाजारातल्या कोळंबीचा मोठा तुकडा देणारे पुष्कळ भेटले. प्राणी तो गिळतो, मालक खूश होतो, आणि रात्रीत तो अर्धवट पचलेला तुकडा बाहेर टाकला जाऊन पाण्यात सडतो. तुकडे मायसिसच्याच मापाचे हवेत. पंप बंद असताना हातात घड्याळ घेऊन टँकपुढे बसून राहायचं हेही आलंच, कारण तोंडात घातलेला घास खेकडे आणि शोभेच्या कोळंब्या ओढून काढतात, आणि ओढताना त्यांचे पाय त्या मांसात रुततात. माझ्या मते मांसल प्रवाळ ठेवणाऱ्याचा खरा कस इथे लागतो. महागडी यंत्रं कुणीही आणतो. रात्री साडेदहाला सिरिंज घेऊन ओणवं उभं राहणारे थोडे.

याच्या उलट टोकाचे लोकही आहेत. पाणी इतकं स्वच्छ ठेवतात की नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणतात आणि मग प्रवाळ का आक्रसतोय म्हणून विचारतात. तो उपाशी असतो. मांसल प्रवाळाच्या टँकमध्ये नायट्रेट लिटरला ५ ते १५ मिलिग्रॅम असावं आणि फॉस्फेटही किंचित असावं.

आता नाशिकच्या पाण्याकडे येतो. नळाचं पाणी आपल्या तब्येतीला उत्तम आहे, प्रवाळाला नाही, कारण त्यात क्लोरीन असतं. बोअरचं तर विचारूच नका, क्षारांनी किटल्या पांढऱ्या होतात. लागतं ते आरओ करून पुन्हा डीआय रेझिनमधून, म्हणजे उरलेसुरले क्षार ओढून घेणाऱ्या गाळणीतून काढलेलं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्य असलेलं पाणी. स्वयंपाकघरातला आरओ इथे चालत नाही, चवीसाठी त्यात क्षार परत मिसळलेले असतात. या पाण्यात समुद्री टँकचं खास मीठ विरघळवायचं, खारेपणा हजारी ३५ भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. जेवणातलं मीठ टाकून समुद्र होत नाही, हे लिहिताना मला हसू येतंय, पण विचारलेलं आहे म्हणून लिहितो. सांगाडा बांधायला कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, क्षारता ८-९ डीकेएच (हे क्षारता मोजायचं माप), आणि ही क्षारता दर आठवड्याला मोजायची. आकडा थोडा इकडेतिकडे चालतो. आज ७, उद्या १० असं हेलकावलं तर नाही चालत. शिवाय आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर पाणी नाल्यात सोडतो. ज्या गावात गंगापूर धरणाच्या पातळीच्या बातम्या आपणच उन्हाळाभर छापता, तिथे सजावटीसाठी हा हिशोबही छापायला हवा होता.

तांब्याचं एक वेगळं सांगतो, कारण ते खास आपल्या गावाचं आहे. तांबट आळी असलेलं हे शहर, घरोघरी हंडे-कळश्या, आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी गुणकारी ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. पाणी बदलताना टँकसाठीही तोच हंडा पुढे करणाऱ्या आजी मी पाहिल्या आहेत, प्रेमानेच करतात. बिनकण्याच्या प्राण्यांना मात्र तांबं विष आहे. खारं पाणी धातूतून तांबं ओढूनही घेतं. पितळी चावी, तांब्याची नळी, काही काही नको. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की जी औषधं सर्रास दिली जातात त्यांतली बरीच तांब्याचीच असतात. मासा वाचतो आणि शेजारी प्रवाळ मरतो. तांब्याचं औषध पडलेल्या टँकमधल्या दगड-वाळूत ते मुरून राहतं आणि नंतर हळूहळू सुटत राहतं, तो टँक प्रवाळासाठी मी तरी पुन्हा धरणार नाही.

तापमान २४ ते २६ अंशांवर, बारा महिने. नाशकात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंशांच्या खाली उतरतो, म्हणजे चिलरही हवा आणि हीटरही. आपल्याकडे एक फायदा आहे, तो मुंबईकरांना नाही. उन्हाळ्यात हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्यावर साधा पंखा लावला तरी बाष्पीभवनाने टँक दोन-तीन अंशांनी थंड होतो. जूनमध्ये पाऊस लागला की तोच पंखा निरुपयोगी. बाष्पीभवनात पाणी जातं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज भर घालायची ती बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची. नवशिके खारं पाणी ओततात आणि खारेपणा महिन्याभरात कुठल्या कुठे जातो. मग वीज. दुबईत वीज गेल्याची आठवण काढावी लागते. इथे दुपारी चार तास गेली की चिलर बंद, प्रवाह बंद, पाण्यातला प्राणवायू संपत आलेला. घरचा इन्व्हर्टर पंखे-दिवे ओढतो, चिलर ओढत नाही. बॅटरीवरचा हवेचा पंप तरी हाताशी असावा.

शेजारी कोण ठेवायचे हेही बघावं लागतं. टॉर्च आणि हॅमर रात्री लांब शुंडा सोडून जवळच्या प्रवाळाला डसतात, दोघांत किमान वीतभर अंतर हवं. एंजलफिश आणि बटरफ्लायफिश मांसल प्रवाळ टोचून खातात, हे मासे आणि प्रवाळ एका टँकमध्ये दाखवणारे फोटो बघून निवड करू नये.

आजार ओळखायचा तर वास आणि कडा बघायच्या. टॉर्च किंवा हॅमरच्या एखाद्या डोक्यावर तपकिरी, घाणेरड्या वासाचा चिकट गोळा दिसला तर तासही न दवडता पंप बंद करावेत, तो गोळा नळीने ओढून टँकबाहेर काढावा, प्रवाळ वेगळ्या भांड्यात घेऊन आयोडीनच्या सौम्य द्रावणात बुडवावा आणि ते डोकं तोडून टाकावं. पंप चालू ठेवून तो गोळा चिमट्याने उचलायला गेलात तर तुकडे टँकभर पसरतात. कडेने मांस मागे सरकत असेल तर उजेड, प्रवाह, क्षारता आणि टोचणारा मासा, या क्रमाने संशय घ्यावा.

एवढं वाचून कुणी म्हणेल, कष्ट करायची तयारी आहे, मग आणू का? तर नाही. ज्यासाठी मुळात लेखणी उचलली ते आता सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळ्या दगडी प्रवाळांचा समावेश आहे. वाघ आहे त्याच अनुसूचीत. आपल्या समुद्रातलं प्रवाळ तोडणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षांची कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार रुपये. परदेशातलं म्हणाल तर दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, निर्यात करणाऱ्या देशाच्या परवान्याशिवाय त्या सीमा ओलांडू शकत नाहीत. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या मोजक्या प्रवाळ वसाहती आड आल्या, तेव्हा त्या हलवण्यासाठी महापालिकेलाही वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली, २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली त्या दुसरीकडे नेऊन लावल्या. सरकारी प्रकल्पाला जे सुटलं नाही ते आपल्या शोकेसला कसं सुटेल?

दुकानदार सांगतो, “साहेब, इम्पोर्टेड आहे.” कागद मागितला की विषय क्लाउनफिशच्या ऑफरवर जातो. हा माल नेमका कुठून येतो ते मी सांगू शकत नाही, पण ज्या प्राण्याबरोबर परवाना यायलाच हवा तो बिनपरवान्याचा पिशवीत मिळत असेल तर गिऱ्हाइकाने दुकानाबाहेर पडावं एवढं मला कळतं. मी स्वतः नाशकात एकाही टँकमध्ये दगडी प्रवाळ बसवलेला नाही. हातात कला आहे आणि वापरता येत नाही, याची चुटपुट लागते, नाही असं नाही. तरी आपल्या किनाऱ्यावर जे आहे ते बघितलं की कायदा पटतो. मालवणच्या सागरी अभयारण्यात, १९८७ पासून ते अभयारण्य आहे, स्नॉर्केलिंगला गेलेले आपलेच लोक फोटोसाठी प्रवाळावर पाय देऊन उभे राहतात. विजयदुर्गसमोर खोल समुद्रात, शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा पाण्याखालचा प्रवाळाचा पट्टा आहे. तिथलं प्रवाळ तिथेच राहो.

खाऱ्या पाण्याचा नाद असेल तर क्लाउनफिश ठेवा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हॅचरीत त्याची पिल्लं वाढवण्याचं तंत्र बसवलेलं आहे, समुद्रातून पकडलेला मासा घ्यायची गरज नाही. क्लाउनफिशला समुद्रफूल, म्हणजे तो ज्यात राहतो तो शुंडांचा फुलासारखा प्राणी, लागतंच असंही नाही, तो चिनी मातीच्या भांड्यातही संसार थाटतो. तरीसुद्धा टँक लावल्यावर उपयोगी जिवाणू बसायला महिना-दीड महिना जाऊ द्या, दिवाळीचा मुहूर्त त्यांना कळत नाही. शोभाच हवी तर सिलिकॉनचे नकली प्रवाळ मी बसवून देतो, प्रवाहात छान डुलतात. त्यांना पोटही नसतं आणि त्यांच्यामागे वन खातंही येत नाही. आणि गोड्या पाण्यात हिरव्या वनस्पतींचा टँक आपल्या हवेत इतका सुंदर होतो की त्यापुढे मला तरी ते निळे दिवे डोळ्यांना टोचतात. ते माझं वैयक्तिक मत.

मग काळजीचं एवढं पुराण कशासाठी लिहिलं? कारण शहरातल्या काही घरांत हे प्राणी आधीच आहेत. भेट म्हणून आलेले, दुकानदाराच्या शब्दावर घेतलेले. कायदा मोडला असेल तो माणसाने, प्राण्याने नाही. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांनी तो कचऱ्यात टाकू नये, गोदावरीत तर मुळीच सोडू नये, तो काही तासांत मरेल आणि त्याच्याबरोबरचं काय काय पाण्यात जाईल सांगता येत नाही. वकिलाचा सल्ला घेऊन वन विभागाला कळवावं, आणि त्यांचा निर्णय होईपर्यंत वर लिहिलंय तसं सांभाळावं, म्हणजे कमी उजेडात, वाळूवर, तांब्यापासून दूर ठेवून, रात्री मायसिस देऊन. टँकचं काढलेलं खारं पाणी तुळशीत ओतू नये, एवढंही सांगून ठेवतो.

आपल्याकडे मागणं इतकंच. खुलासा छापावा आणि तो वाचकांच्या पत्रांत कोपऱ्यात न छापता सजावटीच्या त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापावा. त्यात तीन गोष्टी याव्यात, प्रवाळ हा प्राणी आहे, तो पहिल्या अनुसूचीत आहे आणि तो कमी देखभालीचा नाही. फोटो पुन्हा छापायचा असेल तर निळे दिवे बंद करून काढलेला छापा.

कळावे,
आपला वाचक
सिडको, नाशिक
(नाव छापू नये, गिऱ्हाइकं ओळखतील.)